बेन लोमंड की शीहॅलियन? एकट्याने जायचं तर आधी कोणता?

दोन्ही मन्रो, म्हणजे 3000 फुटांवरचे स्कॉटिश डोंगर. बेन लोमंड 974 मीटर, शीहॅलियन 1083. कळसूबाईचे 1646 मीटर डोक्यात ठेवून या आकड्यांना हलकं लेखू नका. बेन लोमंडची चढाई थेट लॉक लोमंड तळ्याकाठी, रोवार्डेननला सुरू होते. साडेनऊशे मीटर तर चढायचेच. शीहॅलियनचं ब्रेज ऑफ फॉस पार्किंग मुळातच सव्वातीनशे मीटरवर आहे, त्यामुळे साडेसातशेत भागतं.

जाऊन-येऊन अंतर अनुक्रमे 12 आणि 10 किलोमीटर. तासाला 5 किलोमीटर, वर दर 600 मीटर चढाला एक तास, या नेस्मिथच्या हिशेबाने बेन लोमंडला चार तास, शीहॅलियनला सव्वातीन. पण शीहॅलियनचा हिशेब वरच्या टप्प्यात कोलमडतो. जॉन म्यूर ट्रस्ट या निसर्गसंवर्धन संस्थेची सुरेख बांधलेली वाट संपली की माथ्यापर्यंत क्वार्ट्झाइटचे धोंडेच धोंडे. काही पायाखाली हलतात, ओले झाले की घसरतात, आणि त्यांच्यावर वाट मळलेली दिसत नाही. माथा आला म्हणावं तर पुढे आणखी एक उंचवटा. धुक्यात खरी चूक उतरताना होते: धार सोडून माणूस बाजूच्या उताराला लागतो. धार साधारण पूर्व-पश्चिम आहे. माथ्यावरून निघण्याआधीच कंपास पूर्वेला लावून घ्या. पाच-सहा तास धरा. (1774 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइनने पृथ्वीची घनता काढण्यासाठी डोंगराच्या ओढीने ओळंबा किती कलतो हे मोजलं, ते याच डोंगराच्या कुशीत.)

बेन लोमंडची वाट रुंद आणि माथ्यापर्यंत ठळक, सुट्टीच्या दिवशी वर्दळही असते. एकट्या माणसाला हा मोठा आधार. जपायचं ते माथ्यावर, उत्तरेकडे कडा आहे. टार्मिगन या दुसऱ्या धारेने उतरण्याचा मोह होतो, पण ती सुरुवातीलाच तीव्र आणि खडकाळ. पहिल्या खेपेला आल्या वाटेने परता.

गाडी नसेल तर शीहॅलियन विसरा. बेन लोमंडसाठी उन्हाळ्यात तळ्यापलीकडच्या टार्बेट गावाहून बोट असते, मात्र परतीची शेवटची वेळ आधी विचारून ठेवा.

पाठपिशवीत दोन्हीकडे तेच: वॉटरप्रूफ जॅकेट-पँट, कागदी नकाशा, हेडटॉर्च, शिट्टी, दीड-दोन लिटर पाणी, जून ते ऑगस्ट मिजेस या चावऱ्या चिलटांसाठी डोक्यावरची जाळी. अडकलात तर 999 या आपत्कालीन क्रमांकावर फोन, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. रेंज नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. बर्फ असेल आणि आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) वापरता येत नसतील, तर दोन्ही डोंगर मे महिन्यापर्यंत राहू द्या.

पहिल्यांदाच एकटे निघत असाल तर बेन लोमंडच. धोंड्यांवर पाय बसला आणि कंपास हातात बसला की शीहॅलियन.