सरसकट सफाई की राखून तोड?

ठाण्याच्या येऊर जंगलातली घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली, माजणारी झुडपे हटवायला हवीत, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो पद्धतीचा. सरसकट सफाईत उतार एका दमात मोकळा होतो, मजुरी कमी लागते आणि उन्हाळ्यात वणव्याला जळण मिळत नाही, म्हणून जाळरेषेपुरती, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यापुरती, ती मला योग्यच वाटते. पण त्याच कोयत्याखाली घाणेरीत गुंतलेली करवंदाची जाळीही जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पाखरांना मिळणारे फळ व भेकराचा दिवसाचा आडोसा एकदमच नाहीसा होतो. शिवाय नुसती छाटलेली घाणेरी पावसात बुंध्यातून पुन्हा फुटते, हे स्वस्ताईचा हिशेब मांडणारे सहसा विसरतात.

राखून तोडीत, म्हणजे देशी झाडेझुडपे राखून केलेल्या तोडीत, एका हंगामात एकच पट्टा घेऊन घाणेरी मुळासकट उपटली जाते; त्यासाठी करवंद आणि उंबराचे रोप ओळखणारा जाणता माणूस सोबत लागतो. बुलबुल घाणेरीचीही काळी फळे खातात (आणि तिचे बी पसरवतात, ही गोम आहेच), तरीही मोकळा पट्टा देशी झुडपांनी भरेपर्यंत शेजारची घाणेरी उभी ठेवणे मला पटते. वठलेले झाड मात्र दोन्ही पद्धतींत राखावे, कारण तांबट पक्षी अशाच मऊ पडलेल्या फांदीत घरटे कोरतो.