जुन्या फोनवर मोठा अपडेट टाकायचा की नुसते सिक्युरिटी पॅच?

आईचा फोन ५ वर्षांचा, रॅम ३ जीबी, आणि परवा त्यावर मोठ्या अपडेटचं नोटिफिकेशन आलं तेव्हापासून घरात हाच विषय चाललाय.

मोठा अपडेट म्हणजे अँड्रॉइडचं पुढचं व्हर्जन. फायदे आहेत, अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, आईसारख्या माणसांसाठी हे मला खरंच महत्त्वाचं वाटतं. पण जागा जाते, रॅम जास्त लागते आणि नाही आवडलं तर मागे जाणं फार अवघड, त्यात डेटा पुसला जातो तो वेगळाच. माझ्या आधीच्या फोनवर टाकला होता, तर मंडईत मावशींनी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून झाली तरी यूपीआयचा स्कॅनर उघडायचा नाही, मागचे लोक खोळंबलेले.

पॅचचं तसं नाही. आकाराने लहान, फोनचं रूप तेच राहतं, फक्त सुरक्षेतली भोकं बुजतात, शिवाय अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचे काही भाग गूगल प्लेमार्फतही अपडेट होतात. मात्र कंपनीने जुन्या व्हर्जनचे पॅच बंद केले की हा पर्याय संपला, मग बँकेची ॲप त्यावर ठेवू नका.

आणि आयफोनवाल्यांनो, फोन मंद झाला तर आधी बॅटरी बघा, थकलेल्या बॅटरीमुळे सॉफ्टवेअर फोनचा वेग कमी करतं हे ॲपलने २०१७ मध्ये स्वतःच मान्य केलंय.

आईच्या फोनला सध्या पॅचच, फोटोंचा बॅकअप आज रात्री घेतोय.