बाबांची फोल्डिंग सायकल आणि माझे १६,७५० रुपये

बाबांची जुनी सायकल दुरुस्त करून देतो म्हणून एका माणसाने मला फसवलं. आधी आकडे सांगते, कारण भावापासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने पहिलं तेच विचारलं. ॲडव्हान्स ४,५००, पावडर कोटिंग म्हणजे फ्रेमचा रंग ३,२००, टायर-ट्यूब ५,८००, कस्टम ड्यूटी २,३५०, टेम्पोभाडं ९००. एकूण १६,७५०. आणि सायकल गेली ती वेगळीच.

सायकल रॅले ट्वेंटी, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची, मधोमध दुमडणारी. बाबा बोटीवर होते तेव्हा १९७६ साली त्यांनी ती आणली. पुढे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागल्यावर अकरा वर्षं नौपाड्याहून त्याच सायकलवर गेले-आले. नंतर ती गॅलरीत पडून राहिली. टायर चिरले, चेन गंजून एकजीव झाली. यंदा बाबांना ऐंशी पूर्ण होणार, म्हणून ती पुन्हा उभी करायचं मी ठरवलं. जांभळी नाक्याकडच्या दोन सायकलवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं. मागच्या चाकाच्या मधला तीन गिअरचा हब, स्टर्मी-आर्चर कंपनीचा, तो उघडायची कुणाची तयारी नव्हती.

हा माणूस इन्स्टाग्रामवर सापडला. घरी आला, खाली बसला, मागच्या हबवरची घाण अंगठ्याने पुसली आणि मला ठसा दाखवला: ७४, शेजारी ८. "मॅडम, ऑगस्ट चौऱ्याहत्तरचा हब आहे." मी नंतर पडताळून पाहिलं, या हबवर वर्ष-महिना असाच कोरलेला असतो. बाबांना इतक्या वर्षांत ते माहीत नव्हतं. ज्याला एवढं कळतं तो फसवेल असं माझ्या मनातही आलं नाही. तुमच्याही आलं नसतं.

सायकल तो घेऊन गेला, आणि मला कळायला हवं होतं ते नवव्या दिवशी. त्याने फोटो पाठवला, प्रायमर मारलेली करडी फ्रेम, तारेला टांगलेली. मी तो फोटो मोठा करून पाहिला. फ्रेमच्या मधोमध बिजागरीचा सांधा नव्हता. सरळ, अखंड नळी. ट्वेंटी न दुमडणारीही बनत असे, तसली कुणाची तरी फ्रेम होती ती. मला ते दिसलं, हे मी आज कबूल करते. दिसलं आणि मी स्वतःला सांगितलं की कोनामुळे सांधा झाकला गेला असेल. बाबा शेजारी बसले होते, त्यांना फोटो दाखवला. ते खुश झाले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी पुढचे ३,२०० पाठवले.

टायरचं तर मी आजही म्हणते, माझी चूक नव्हती. तो म्हणाला, हिला ४५१ चा टायर लागतो (रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिलिमीटरमध्ये), दुकानात मिळतो तो ४०६ चा, दोन्हींवर 'वीस इंच' लिहिलेलं असलं तरी एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. हे शंभर टक्के खरं आहे. म्हणून टायर इंग्लंडहून मागवतोय हेही मला खरं वाटलं. कस्टम ड्यूटी मात्र कुणाच्याही खासगी यूपीआयवर भरली जात नाही, हे लक्षात ठेवा. पैसे कोणाच्या नावावर जातायत ते स्क्रीनवर दिसतं, तेही वाचा. माझे पाच पेमेंट तीन वेगवेगळ्या नावांवर गेले.

टेम्पोचे ९०० दिल्यावर फोन बंद. त्याने दिलेल्या तुर्भे एमआयडीसीतल्या पत्त्यावर गेले. गाळा होता, पण छपाईवाल्यांचा. सायकलचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. वस्तू द्यायच्या आधी गाळा डोळ्यांनी बघून या, एवढं एक केलं असतं तर!

मग पोलीस. आमच्या भागातल्या पोलीस स्टेशनात सांगितलं, पत्ता तुर्भ्याचा आहे, नवी मुंबईला जा. तिकडे गेले तर म्हणे, सायकल ठाणे शहरातून नेली, पैसे तिथूनच गेले, तिकडेच द्या. पुन्हा पहिल्या ठिकाणी. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाई, सायकलचं बिल आहे का?" १९७६ चं बिल! मग म्हणाले, भंगारात हजारभर रुपये आले असते, एवढा त्रास कशाला घेता? मी तिथेच रडले आणि त्याची मला अजून लाज वाटते. अर्ज घेतला, त्यावर शिक्का दिला, गुन्हा नोंदवला नाही. बँकेत गेले तर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. तीन आठवड्यांत सहा खेपा. एका वकिलाने नंतर सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात ते. हे त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना माहीत नसेल? हद्द सांगून परत पाठवायला लागले की कलमाचं नाव घ्या. मी घेतलं नाही, मला माहीत नव्हतं.

आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, तासाभरात. मी बारा दिवस थांबले, कारण तो परत फोन करेल असं वाटत होतं. तोवर खाती रिकामी झाली होती.

जुनी सायकल कुणाला देणार असाल तर फ्रेम नंबर आणि हबवरचा ठसा यांचे फोटो काढून ठेवा. सुटे भाग काढताना समोर बसा. माझ्याकडे फ्रेम नंबर नाही. सायकल गडद हिरवी आहे, हबवर ७४ ८, सीटखालच्या नळीवर बाबांनी खिळ्याने कोरलेला 'वि' आहे, आणि बिजागरीचा खटका डावीकडे किंचित वाकलेला आहे. ठाणे, कळवा, तुर्भे, कुठेही विकायला आलेली दिसली तर कृपा करून मला कळवा.