चाटण, वेढे आणि दोन मुलं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनच्या शेवटी शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच घरात दोन खोकले सुरू झाले. थोरली तेव्हा साडेपाच वर्षांची, धाकटा सव्वादोनचा. तपासून झाल्यावर वैद्यबाईंनी सितोपलादि चूर्ण मधातून, ज्येष्ठमधाचं चाटण आणि कफ सुटत नसेल तेव्हा अडुळशाचा रस असं लिहून दिलं. ही औषधं किती गुणकारी आहेत यावर मी पुढे लिहीनच, पण आमचं गाडं त्याच्या आधीच अडलं होतं. औषध पोटात जायलाच तयार नव्हतं. म्हणून या अनुभवाचा मोठा भाग तेवढ्याच एका गोष्टीवर आहे.

मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. ती माझ्या मुलांच्या वजनावरून ठरलेली आहे, तुमच्या मुलांची वेगळी असेल.

पहिल्या महिन्यात मी जे जे केलं ते बहुतेक चुकीचं होतं. पहिल्याच दिवशी धाकट्याला चमच्यात कोरडं चूर्ण घेऊन भरवलं. त्याने नेमका त्याच वेळी श्वास आत ओढला. ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एक-दीड मिनिटच गेलं असेल, पण माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते. चूर्ण कोरडं द्यायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. लहान मुलाच्या श्वासनलिकेत पूड गेली तर जिवावर बेतू शकतं. चूर्ण नेहमी मधात किंवा तुपात नीट कालवून, एकही कोरडी गुठळी न ठेवता द्यायचं.

दुसरी चूक दुधाची. मला वाटलं, रात्रीच्या दुधात चूर्ण ढवळून दिलं की त्याला कळणारही नाही. त्याला कळलं. त्याने पेला ढकलला, आणि पुढचे तीन आठवडे साध्या दुधालाही तोंड लावलं नाही. औषध राहिलं बाजूला, दूध मात्र बंद झालं. मूल रोज आवडीने खातं-पितं अशा कुठल्याही पदार्थात, वरणभात असो, खीर असो, औषध लपवू नका हे मी आता प्रत्येक आईला सांगते. शिवाय पेला अर्धवट टाकला तर किती औषध पोटात गेलं तेही समजत नाही.

तिसरी गोष्ट लिहिताना अजून जड जातं. घरातल्या एका मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मी एकदा त्याचं नाक दाबून रस तोंडात ओतला. त्याने गिळला, आणि दोनच मिनिटांत सगळा ओकला. त्या दिवसापासून वाटीवर चमचा वाजला की तो पलंगाखाली जाऊन बसायचा. नाक दाबल्यावर मूल तोंडाने श्वास घेतं आणि तोंडातलं औषध सरळ फुप्फुसात जाऊ शकतं, हे वैद्यबाईंनी नंतर समजावलं. आमच्या आज्या-पणज्या मुलांना मांडीवर आडवं घेऊन, हातपाय धरून औषध पाजायच्या. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण ती रीत सोडून द्यायला हवी.

पलंगाखालून त्याला बाहेर काढायला जवळजवळ महिना लागला, आणि ते काम सहाणेने केलं.

सासूबाईंची जुनी सहाण होती. याच सहाणेवर त्यांनी माझ्या नवऱ्याला लहानपणी गुटी उगाळून दिली होती. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम, सगळं एकेक करून, प्रत्येकाचे ठरलेले वेढे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, सहाणेवर औषधाची काडी गोल फिरवली की एक वेढा होतो. बाळ जसं मोठं होईल तसे वेढे वाढवायचे. मी ज्येष्ठमध उगाळायला बसले आणि थोरलीने काडी हातात मागितली. दिली. तिने मोठ्याने मोजत दहा वेढे घातले, बोटाने गंध पुसून घेतल्यासारखं चाटण बोटावर घेतलं आणि खाल्लं. मी काहीच बोलले नव्हते. तिने स्वतः केलेलं औषध ती स्वतः खात होती, एवढाच फरक होता. चार दिवसांनी धाकटा पलंगाखालून बाहेर येऊन तिच्या शेजारी बसला. आधी त्याने बाहुलीला चाटवलं, मग ताईला, मग स्वतः.

तेव्हापासून घरात एक नियम आहे: औषधाबद्दल खोटं बोलायचं नाही. आधी मी थोरलीला "गोड आहे गं" म्हणून अडुळसा दिला होता, आणि नंतर खरंच गोड असलेलं चाटणही ती हुंगून बघायला लागली होती. आता मी सांगते, "कडू आहे, दोन घोट आहेत, मी मोजते." दोन म्हणजे दोनच. तिसरा घोट शिल्लक राहिला तरी आग्रह धरायचा नाही. तो मी पुढच्या वेळी आधीच मोजून कमी घेते.

चवीबद्दल थोडं. मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त बोचते, आणि त्यात त्यांचा हट्ट नाही. कितीतरी विषारी वनस्पती कडू असतात, तेव्हा कडू लागलं की थुंकायचं हे शरीराचंच शहाणपण. पण सितोपलादि तर गोड, मग मुलं ते का थुंकायची, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग मी घटक वाचले. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. जिभेला आधी गोड लागतं आणि मग मागून पिंपळीचा तिखट चटका येतो. मुलं त्या चटक्याला दचकत होती. वैद्यबाईंना विचारून मी मधाबरोबर थोडं तूप घातलं, तो चटका मऊ झाला आणि थुंकणं जवळजवळ थांबलं. मध आणि तूप समप्रमाणात घ्यायचं नाही हा आयुर्वेदाचा जुना दंडक आहे. मी तूप जास्त आणि मध कमी घेते. आणि एवढी साखर-मध रोज रात्री दातांवर राहू नये म्हणून चाटणानंतर चूळ भरायची, हे दोघांनाही सवयीचं झालंय.

चाटण ही मुलांसाठी नवी युक्ती नाही. काश्यपसंहिता हा बालरोगांचा जुना ग्रंथ आहे, त्यात लेहाचा, म्हणजे चाटणाचा, स्वतंत्र अध्यायच आहे. कुठल्या बाळाला चाटण द्यावं आणि कुठल्या बाळाला देऊ नये, दोन्हींचा विचार त्यात आहे. ते वाचल्यावर मला बरं वाटलं. "आयुर्वेदिक आहे ना, मग देऊन टाक, त्रास थोडाच होणार" हे जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते त्या ग्रंथालाही मान्य नव्हतं.

अडुळशाची गोष्ट वेगळी. आमच्या माहेरी कराडला शेताच्या बांधावर अडुळसा भरपूर आहे, गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात. त्याची पानं नुसती वाटून पिळली तर रस फारसा निघत नाही. पानं आधी वाफवून घ्यायची, मग गरम असतानाच फडक्यात पिळायची. माझ्या आईने शिकवलेली ही रीत. अडुळशातल्या एका घटकावरून ब्रोमहेक्झिन नावाचं कफ पातळ करणारं औषध तयार झालं, जे आजही कफ सिरपमध्ये असतं, तेव्हा या झाडाला खोकल्यात काही अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. पण चव! थोरलीला जमलं ते असं: चमचा दहा मिनिटं फ्रीजमध्ये गार करायचा, जिभेवर आधी बोटभर तूप, मग रस आणि मध, मग लगेच मनुका. गार जिभेला कडू कमी लागतं. धाकट्यासाठी सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणली. त्याला ताठ बसवून, गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं, प्रत्येक वेळी गिळल्याची खात्री करून. घशात पिचकारी मारायची नाही. दट्ट्या त्यालाच ढकलू देते, माझं बोट फक्त वर असतं. पाचपैकी तीनदा तो घेतो.

गूळ-सुंठीच्या गोळ्या थोरलीला आवडतात. धाकट्याला मी दिल्या नाहीत, इतक्या लहान मुलाच्या घशात गोळी अडकू शकते.

आता सासूबाईंबद्दल, कारण हा प्रश्न घरोघरी येतो. त्यांना दोन्ही मुलांना तान्हेपणी मधाचं बोट लावायचं होतं आणि गुटीत वेखंड घालायचं होतं. मध एक वर्षाच्या आत द्यायचा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय दुसरं काही नको, हे मी त्यांना वैद्यबाईंकडूनच सांगवलं. वेखंडातल्या बीटा-ॲसारोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली ते खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी घातली. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगायला नव्हतं गं." आज मुलांच्या चाटणाचं सगळ्यात बारीक लक्ष त्यांचंच असतं.

खरेदीचंही सांगून ठेवते. एका दुकानातून आणलेल्या डबीचं झाकण आधीच सैल होतं आणि आत चूर्णाचे ओले गोळे झाले होते. दुकानदाराने ती बदलून द्यायला नकार दिला. आता मी सीलबंद डबीच घेते, तिच्यावर परवाना क्रमांक, बॅच, तयार केल्याची तारीख आणि मुदत बघते. सुट्टं, कागदाच्या पुडीतलं चूर्ण मुलांसाठी घेत नाही. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठणारा पांढरा पदार्थ, तो महाग असतो आणि त्यात भेसळ खूप होते. भस्म, म्हणजे धातू-खनिजं जाळून केलेली पूड, असलेलं काहीही मी स्वतःच्या मनाने आणत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं वाढत्या मुलाच्या मेंदूला इजा करतं आणि ती भरून येत नाही. ज्येष्ठमधही सलग महिनोन्‌महिने नाही, वैद्यबाई एका वेळी थोडेच दिवस देतात, कारण ते जास्त झालं तर रक्तदाब वाढू शकतो.

गुण आला का? थोरलीचा कोरडा रात्रीचा खोकला चाटणानंतर शांत होतो आणि ती झोपते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यात मधाचा वाटा किती आणि चूर्णाचा किती हे मला वेगळं करता येत नाही, नुसत्या मधानेही वर्षावरच्या मुलांचा खोकला हलका होतो. सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं असं मात्र मी म्हणू शकत नाही. बालवाडीतलं मूल वर्षाला सहा-आठ वेळा आजारी पडतंच, आमचंही पडलं.

आणि जानेवारीतली ती रात्र. धाकट्याला दोन दिवस ताप होता, खोकला होता. चाटण त्याने निमूट घेतलं आणि मला उगीच समाधान वाटलं. रात्री अकराला तो झोपलेला असताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाताना दिसली. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ५२. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त झाले तर ती न्यूमोनियाची खूण असू शकते, आणि छाती आत ओढली जात असेल तर थांबायचंच नाही. आम्ही तसेच उठून बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. न्यूमोनिया होता. तीन दिवस दवाखान्यात, प्रतिजैविकं, ऑक्सिजन. घरी काय काय देतोय ते मी त्यांना सगळं सांगितलं, डबीही दाखवली. त्या रागावल्या नाहीत. पूर्ण बरा होईपर्यंत चाटण बंद ठेवा म्हणाल्या, आणि आम्ही ठेवलं. औषध मुलाने छान घेतलं म्हणजे मूल बरं आहे असं नाही. त्या रात्री मी श्वास मोजले नसते तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

दवाखान्यात त्याला प्रतिजैविकाचं सिरप द्यायची वेळ आली तेव्हा परिचारिकेने सिरिंज भरली आणि त्याला धरायला मला खुणावलं. मी म्हटलं, त्याच्या हातात द्या. त्याने दट्ट्या हळूहळू ढकलला, गिळलं, आणि तोंड उघडून रिकामं दाखवलं.

आता फेब्रुवारी संपत आलाय. खोकला नाही, म्हणून डबी बंद आहे, रोज काही देत नाही. सहाण ओट्यावरच असते. थोरली तिच्यावर अधूनमधून चंदन उगाळते, आता वेढे शंभरपर्यंत मोजता येतात तिला. धाकट्याला अडुळसा अजून पाचपैकी दोनदा नकोच असतो. त्या दोनदा मी सिरिंज बाजूला ठेवते आणि तासाभराने पुन्हा विचारते.