दहा महिन्यांनी प्रेशर डिके टेस्टबद्दल: टेस्ट उत्तम, व्हॉल्व्हने जीव खाल्ला

परवा प्रेशर डिके टेस्ट (फिल्टरमध्ये हवा भरून दाब किती वेगाने उतरतो ते पाहायचं, जास्त उतरला तर कुठेतरी गळती) पुन्हा फेल गेली आणि कारण निघालं तेच, फीडचा, म्हणजे कच्चं पाणी आत आणणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह. म्हणून लिहायला बसलो.

आमचं पाणी गाळणारं अल्ट्राफिल्ट्रेशन पोकळ फायबरचं, म्हणजे अतिबारीक छिद्रं असलेल्या बारीक नळ्यांच्या मेंब्रेनचं. रोजच्या टेस्टला सुरुवातीला माझा विरोध होता. प्लांट थांबवा, पाणी काढा, हवा भरा, दाब धरून बसा. तेवढा वेळ उत्पादन बंद. पाण्याचा गढूळपणा मोजणारा टर्बिडिटी मीटर चोवीस तास चालू असताना हा खटाटोप कशाला?

चौथ्या महिन्यात मत बदललं. दाब नेहमीच्या दुप्पट वेगाने उतरला, मीटरचा आकडा मात्र जागचा हलला नाही. हजारो फायबरमधले दोन तुटले तर त्यातून येणारं कच्चं पाणी बाकीच्या स्वच्छ पाण्यात हरवून जातं. एका मोड्यूलच्या (फायबरचा जुडगा भरलेल्या नळकांड्याच्या) पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले, ते दोन फायबर पिन ठोकून बंद केले, दाब टिकला. अमेरिकेच्या पिण्याच्या पाण्याच्या 2006 च्या नियमात 3 मायक्रॉनचं भोक पकडणारी टेस्ट का मागितली आहे, ते तेव्हा नीट कळलं. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी 4 ते 6 मायक्रॉनचा, क्लोरीनला दाद न देणारा. 1993 मध्ये मिलवॉकीत त्याने सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. एवढ्या भोकातलं पाणी हवेने ढकलायला साधारण 1 बार लागतो, वर पाण्याच्या उंचीचा दाब वेगळा. त्याहून कमी दाबावर ‘पास’ आलं तर मी ते पास धरत नाही.

आता तो व्हॉल्व्ह. सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो तो भाग) झिजली की हवा आतल्या आत फीड लाइनमध्ये निसटते. बाहेरच्या जोडांना साबणाचं पाणी लावून काही दिसत नाही, आणि टेस्टच्या आकड्यात ही गळती फाटक्या मेंब्रेनसारखीच दिसते. सर्व्हिसवाल्यांनी दोनदा ‘मोड्यूल बदला’ असं सांगितलं. दुसऱ्यांदा तर ऑर्डरवर सही करणारच होतो! त्याआधी हट्टाने फीड लाइनमध्ये ब्लाइंड प्लेट (लाइन पूर्ण बंद करणारी चकती) घालून टेस्ट घेतली. पास. म्हणजे दोष व्हॉल्व्हचाच. चांगलं मेंब्रेन भंगारात गेलं असतं, याचा राग अजून गेलेला नाही.

पाण्यातले कण मोजणारा पार्टिकल काउंटरही वापरून पाहिला. बॅकवॉशनंतर (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुतल्यावर) तो हवेचे बुडबुडेसुद्धा कण म्हणून मोजतो, त्यामुळे एवढ्यात घेत नाही. आधी सगळ्या फीड व्हॉल्व्हच्या सीट बदलतोय, आणि ब्लाइंड प्लेट आता स्किडलाच (मोड्यूल बसवलेल्या सांगाड्याला) टांगून ठेवली आहे.