विमानाचा सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, सेट झाला म्हणे, बॅटरी ठरायच्या आधीच!

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर धीर व्हायचा नाही. 1,11,650 रुपये. एक लाख अकरा हजार सहाशे पन्नास. घरी अजून 85,000च सांगितलेत.

त्या बदल्यात 2.2 मीटर पंखांचं, 50 सीसी पेट्रोल इंजिनाचं रेडिओ कंट्रोल विमान यायचं होतं. जे आलं ते लांबून विमानासारखं दिसतं, एवढंच.

मी नवखा नाही, हे आधी ऐकून घ्या. अकरा वर्षं उडवतोय. फोमची झाली, बाल्सा लाकडाची झाली, दोन-तीन शेतात घुसवूनही झाली. पण एवढं मोठं विमान बांधायचं म्हणजे फायरवॉलवर, म्हणजे नाकातल्या आडव्या फळीवर, इंजिन बसवा, बिजागऱ्या चिकटवा, ठिणगी देणारं इग्निशन रेडिओच्या रिसीव्हरपासून लांब ठेवा, प्रत्येक सर्वोचा (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) प्रवास मोजून जुळवा. नोकरी सांभाळून वर्ष गेलं असतं. म्हणून बांधून, सेट करून देणारा माणूस गाठला. लोक घरं बांधून घेतात, मी विमान बांधून घेतलं. यात माझं काय चुकलं?

पठ्ठ्याने आधी विश्वास कमावला. त्याच्याकडून 1,850 रुपयांचा लाकडी प्रॉपेलर मागवला होता, तो तिसऱ्या दिवशी हातात. दोन्ही टोकांना स्पंजाचे तुकडे नीट दोऱ्याने बांधलेले. इतकी काळजी घेणारा माणूस लबाड कसा असेल, असं वाटलं. तो स्पंज मला फार महाग पडला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बुकिंगचे 25,000. मग ‘इंजिन आणि सर्वोंचे भाव वाढतायत, आजच उचलतो’ म्हणून 48,500. बांधणीचे 22,000. सेटिंगचे 9,750. शेवटी लाकडी पेटी आणि वाहतूक, 6,400. दर वेळी फोटो यायचे. आधी उघडा सांगाडा, मग फिल्म चढवलेले पंख, मग नाकावर इंजिन. सांगाड्याच्या फोटोत एलेव्हेटरचे, म्हणजे शेपटीच्या हलत्या पट्टीचे, सर्वो शेपटीत होते आणि फिल्मवाल्या फोटोत शेपटीला सर्वोची खाचच नव्हती. म्हणजे फोटो एका विमानाचे नव्हतेच. हे मला कधी दिसलं? पैसे गेल्यावर, रात्री दोन वाजता, फोटो मोठे करकरून बघताना.

पण फोटोंचं सोडा. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. सेटिंगचे पैसे देण्याआधी मी विचारलं होतं, “सीजी किती ठेवलात?” उत्तर आलं, “दादा, एकदम परफेक्ट सेट केलाय, टेन्शन नका घेऊ.” आकडा नाही! ज्याने खरोखर गुरुत्वमध्य जुळवलाय तो मिलिमीटरमध्ये बोलतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून इतके, टाकी रिकामी असताना. तेही मी गिळलं. चार दिवसांनी याचाच निरोप, “रिसीव्हरची बॅटरी कुठली टाकू, एक की दोन?”

अरे, बॅटरी ठरलीच नाही तर सीजी कसला सेट केलास? बॅटऱ्या पुढे-मागे सरकवूनच तर तो जुळवतात! पेट्रोलचं इंजिन नाकावर, शेपूट लांब, बॅटऱ्या नाकाशी ठेवायच्या की पंखाखाली, यावरच सगळं. हे मी स्वतः चार पोरांना शिकवलंय. आणि मी काय उत्तर दिलं? “दोन टाका, लाइफच्या (लिथियम-आयर्नच्या), म्हणजे एक गेली तरी विमान वाचेल.” वर आभार मानले आणि 9,750 पाठवले.

पेटी आली. उघडताना व्हिडिओ काढला नाही. तुम्ही काढा, दोरी कापण्यापासून, मध्ये कॅमेरा न थांबवता. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून आत टॉर्चचा उजेड पाडला, तर ‘कोऱ्या’ इंजिनाच्या पिस्टनवर उभे ओरखडे. एलेरॉन, म्हणजे पंखाची हलती पट्टी, जरा ओढून बघितलं तर एक बिजागरी हातातच आली, कोरडी, गोंदाचा ठिपका नाही. सर्वो चालू करून एलेव्हेटरला बोट लावलं तर कड चांगली पाच मिलिमीटर ढिली हलत होती. मग सर्वोच्या तळाचे चार स्क्रू काढले. बाहेर ‘मेटल गिअर’चं चकचकीत लेबल. आत वरचं एक चाक पितळी, बाकीची पांढऱ्या नायलॉनची, आणि एकाचा दात आधीच अर्धा उडालेला. हे सात-आठ किलोचं यंत्र मी उडवलं असतं आणि खाली कुणी उभं असतं तर?

सर्वोंचा मॉडेल नंबर आणि नग पैसे देण्याआधी लिहून घ्या. फोटो चालवून घेऊ नका. व्हिडिओ कॉलवर इंजिन चालू करायला लावा, विमान घट्ट धरून ट्रान्समीटर बंद करायला सांगा, थ्रॉटल खाली आला नाही तर फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की इंजिन आपोआप मंदावायची सोय, लावलेलाच नाही. त्यावर टाळाटाळ करणाऱ्याला पैसे देऊ नका.

मी फोन केला. “दादा, वाहतुकीत झालं असेल.” पिस्टनला ओरखडे वाहतुकीत? दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

आता पोलीस. पहिल्या दिवशी ठाण्यात दोन तास बाकावर. मग प्रश्न, “खेळण्यातलं विमान लाखाचं?” दुसरा, “ड्रोन आहे का? परवाना दाखवा.” म्हणजे तक्रारदार मी आणि कागद माझेच! 2021च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतच्या, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे, हे मी छापून नेलं होतं. कागद उलटा धरून बघितला आणि बाजूला ठेवला. मग म्हणे, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कशी? हा दिवाणी मामला.” जुनं 420, आता भारतीय न्याय संहितेचं 318, पहिल्यापासून फसवायच्या इराद्याने पैसे घेणं, हे त्यांना मी सांगायचं? चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर “विश्वास नाही का?” नाही! विश्वासाचीच किंमत मोजून इथे आलोय. पाचव्या खेपेला साहेब रजेवर. सहाव्याला साहेब होते, अर्ज सापडत नव्हता. शेवटी जिल्ह्याच्या अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला, तेव्हा पानं हलली.

बँकेने तर एका वाक्यात निकाल लावला. पिन तुम्हीच टाकलात. हो, टाकला. पाच वेळा.

सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन लावायचा तो पैसे गेल्या गेल्या, समोरच्या खात्यात असेपर्यंत. मी तीन आठवडे “दादा, बघतो” ऐकत बसलो आणि मग लावला. सामान खराब निघालं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, तिथेही नोंद करा. चॅट पुसू नका, रागाच्या भरात ब्लॉकही करू नका.

मित्र म्हणतात, नवीन सर्वो टाक, इंजिनाला पिस्टन बदल, उडेल. उडेलही. पण त्याला हात लावला की पुरावा गेला, आणि नाही लावला तर ते दिवाणखान्यात पाहुण्यासारखं आडवं पडून आहे.

काल ठाण्यातून फोन आला. मुद्देमाल जमा करायला या म्हणाले, पण खोलीत जागा कमी आहे, पंख निघतात का? म्हटलं, निघतात, दोन्ही बाजूंना आतून एकेक बोल्ट असतो. डावीकडचा त्याने पाठवलेलाच नाही.