'सर, रिसेप्शन से बोल रहा हूँ'

महिन्यातून दोनदा माझी हैदराबादची फेरी असते. पाटनचेरू, जीडिमेटला या पट्ट्यातल्या औषध कारखान्यांना आम्ही व्हॉल्व्ह पुरवतो. चार वर्षं एकाच मोठ्या हॉटेलात उतरतोय. दारावरचा माणूस बॅग हातातून काढून घेतो, इडलीबरोबर कारम पोडी न मागता येते. तिथून आलेल्या फोनवर संशय घ्यावा असं मनातही येत नाही.

त्या रात्री साडेअकराला खोलीतला फोन वाजला. नुकताच डोळा लागला होता.

'सर, रिसेप्शन से बोल रहा हूँ. सिस्टम बंद पड गया था, आपके कार्ड की डिटेल उड गयी. फोन पे बता दीजिए, नहीं तो नीचे आना पडेगा.'

सातव्या मजल्यावरून बनियनवर खाली कोण जाणार? दिवा लावला, पाकीट काढलं आणि कार्डाचा नंबर वाचून दाखवला. पलीकडे की-बोर्डची टकटक ऐकू येत होती. मग मुदत. मग मागचे तीन आकडे. 'थँक यू सर. कल का ब्रेकफास्ट हमारी तरफ से.' माझा नाश्ता भाड्यातच धरलेला असतो, हेसुद्धा डोक्यात आलं नाही.

वीस मिनिटांत दोन मेसेज आले, दोन्ही व्यवहार डॉलरमध्ये. मिळून एक्केचाळीस हजार. ओटीपी आलाच नाही. परदेशी वेबसाइटवर बऱ्याचदा तो लागतच नाही, नंबर आणि ते तीन आकडे पुरतात. २०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, आपण सुरू करायचे. मी दुबईच्या सहलीसाठी केले होते आणि विसरलो होतो.

फोन हॉटेलातून आलाच नव्हता. बाहेरून हॉटेलचा बोर्ड नंबर लावायचा आणि ऑपरेटरला म्हणायचं, 'सात-चौदा को दो.' तो नाव न विचारता जोडून देतो. खोलीतली घंटा वाजली की आपल्याला वाटतं, खालूनच आला. त्याला माझं नावही माहीत नव्हतं. 'नेम कन्फर्म कीजिए' म्हणाला आणि मीच सांगितलं! सकाळी मॅनेजरकडून कळलं, आणखी दोन खोल्यांत तसेच फोन गेले होते. एका बाईंनी 'मी खाली येते' म्हटल्यावर पलीकडून फोन कट.

खरं तर चेक-इनला कार्ड स्वाइप करून हॉटेलने रक्कम अडवून ठेवलेली होती. रात्री नंबर मागायचं कारणच काय?

कार्ड लगेच ब्लॉक केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना, म्हणून मी निर्धास्त होतो. पण तो नियम आपली चूक नसेल तेव्हाचा. स्वतः आकडे सांगितले असतील तर कळवण्याआधी गेलेले पैसे आपलेच गेले. एक व्यवहार अजून पुरा झाला नव्हता म्हणून चौदा हजार परत आले. उरलेल्या सत्तावीस हजारांबद्दल ऑफिसात विचारलं, तर अकाउंट्सवाला म्हणाला, 'साहेब, व्हाउचरवर कुठलं हेड टाकू?' हॉटेलने फळांची परडी पाठवली. दोन सफरचंदं, एक किवी.

आता बँकेच्या अॅपात परदेशी व्यवहार बंद असतात. असा फोन आला की मी ठेवून देतो आणि स्वतः नऊ दाबून रिसेप्शन लावतो.

मागच्या फेरीला रात्री पुन्हा घंटा वाजली. 'सर, रिसेप्शन से...' एवढंच ऐकलं, ठेवला आणि नऊ दाबलं. एंगेज. पुन्हा एंगेज. शेवटी शर्ट चढवून खाली गेलो. काउंटरवरचा पोरगा रिसीव्हर कानाला लावून उभा होता. मला बघून दचकला. 'सर, आपको ही लगा रहा था. आपकी इस्त्री की पँट दूसरे रूम में चली गयी.'